घरचं जनावर

चाकणच्या एका कंपनीत दुभाष्याचं काम मिळावं म्हणून मी पस्तिशी उलटल्यावर भोसरीतल्या क्लासमध्ये जर्मन शिकायला बसले. एका धड्यात 'हाउसटियर' हा शब्द आला. म्हणजे घरचं जनावर. तुमच्याकडे कोणतं आहे ते लिहा. मी लिहिलं, गाय. सरांनी लाल पेनाने काट मारली.

"मॅडम, हाउसटियर म्हणजे कुत्रा, मांजर. गाय उपयोगाच्या जनावरांत येते. त्याला शब्द वेगळा."

आमची गाय दोन वर्षांपासून भाकड आहे. तिला उपयोगाची म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? घरी जाऊन मी जाडजूड शब्दकोश उघडला. माणसाने माणसाळवून जवळ ठेवलेलं कुठलंही जनावर, असाही अर्थ त्यात दिला होता. दुसऱ्या दिवशी तो सरांच्या नाकासमोर धरला.

"बरोबर आहे," सर म्हणाले, "पण परीक्षेत कुत्राच लिहा."

माझं डोकं फिरलं. तसं ते आधीच तापलेलं होतं. चऱ्होलीतली आमची जमीन बिल्डरला दिली, तेव्हा तिथल्याच सोसायटीत दोन फ्लॅट मिळाले आणि सासऱ्यांनी हट्टाने गेटजवळचा गोठा तेवढा राखला. आता सोसायटीने त्या गोठ्याच्या दारावर नोटीस डकवली होती: कुत्रा-मांजर पाळायला हरकत नाही, गाय महिन्याभरात हलवावी. भाकड गाय हलवली की कुठे जाते, हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

रविवारच्या मीटिंगला मी सासऱ्यांबरोबर गेले. चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "काका, तुमच्या भावना समजतात. पण आता तिचा उपयोग काय?"

सासरे उठले. "काई न्हाई. धा वर्सं आमी तिचं दूध प्यालो, आता ती आटली. मी बी आटलोय. मलाबी हलवायचं का?"

मलाही राहवलं नाही. "नोटिशीत दोघांचीही नावं घाला," मी म्हटलं, "आणि खाली तुम्ही सही करा."

चेअरमननी कागद चाळले आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. ती मीटिंग अजून झालेली नाही. नोटीस दारावरच आहे. खालचा अर्धा कागद गायीने खाल्ला.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी लिहिलं, गाय. उपयोग काय असं कुणी विचारलं नव्हतं, तरी पुढे लिहिलं: काही नाही. ती आमची आहे.