कामकाजात ऐकू आलं नाही

आमच्या समोरच्या खोलीतले भाऊजी घरात नव्हे, सभागृहातच जन्मले असावेत असं माझं पक्कं मत आहे. पाळण्यात असतानासुद्धा त्यांनी दूध मागण्याआधी सभेची परवानगी घेतली असेल. आमची चाळ अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, कारखान्यांच्या मागच्या अंगाला. भाऊजी आणि आमचे हे एकाच कारखान्यात कामाला होते. एका निवडणुकीत भाऊजी कुठल्याही पक्षाशिवाय उभे राहिले आणि निवडून आले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, सगळ्यात जास्त त्यांना स्वतःला. नगरसेवक ते तेवढी एकच मुदत होते, पण तिथली रीत त्यांच्या अंगात शिरली ती शिरलीच. रीत अशी, की एकाने ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्याने उठून त्याला पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव कितीही चांगला असो, तो तिथेच पडतो. भाऊजींना हे इतकं पटलं की अनुमोदकाशिवाय ते चपातीसुद्धा वाढून घेईनात. "आणखी एक घ्यावी असं मी सुचवतो," म्हणायचे आणि ताईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, बघत बसायचे. ताई तवा उतरवून म्हणायच्या, "सभा तहकूब. पीठ संपलं."

ताईंनी आयुष्यात त्यांना एकदाही अनुमोदन दिलं नाही, म्हणून ते बाहेर शोधत फिरायचे. शेजारच्यांच्या नातीच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, सगळं रीतीने झालं. तेवढ्यात भाऊजींनी विचारलं, "अनुमोदक कोण?" बाळाच्या मामीला ते नाव मुळातच नको होतं. तिने संधी साधली आणि म्हणाली, "माझं तर नाही बाई." संध्याकाळपर्यंत पोरगी बिननावाची राहिली, घुगऱ्या संपल्या तरी वाद संपेना. उल्हासनगरला आम्ही सगळे ताईंच्या मुलीच्या लग्नाचे कपडे घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साईं, फिक्स रेट है." भाऊजी त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मागे वळून दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "भाव कमी करावा, सूचक मी." सगळ्या दुकानाने हात वर केले. दुकानदाराला सगळ्यांनाच भाव कमी करून द्यावा लागला. कपडे बांधून देताना तो हात जोडून म्हणाला, "नेताजी, अगली बार बाजूवाले के पास जाना. वो मेरा साला है, उसको भी पता चले."

मी मात्र त्यांच्या काही उपयोगाची नव्हते. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. भाऊजी काही सुचवायचे आणि मी मान हलवायचे. ते म्हणायचे, "वहिनी, मान हलवलेली कामकाजात धरत नाहीत. तोंडाने बोलावं लागतं." तरीसुद्धा सभेच्या आदल्या दिवशी ते आमच्याच पायरीवर येऊन बसायचे. मी मजुरीवर उल्हासनगरहून आलेल्या जीन्सचे धागे कापत असायचे आणि ते पूर्ण भाषण मला म्हणून दाखवायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यांचं म्हणणं, "तुम्हाला समजलं तर सभागृहाला समजेल, आणि तुम्ही मधे बोलत नाही हा मोठाच गुण आहे." त्या भाषणात ते मधेच थांबायचे. पहिल्यांदा मला वाटलं विसरले. तर म्हणाले, "इथे समोरचे ओरडतील. ओरडून होऊ दे त्यांचं." मग आम्ही दोघं समोरच्या पाण्याच्या पिंपाकडे बघत बसायचो. त्यांच्या मनातला गोंधळ शांत झाला की ते घसा साफ करून पुढचं वाक्य घ्यायचे. एवढी तयारी करून जायचे आणि संध्याकाळी चपला काढता काढता सांगायचे, "आजपण पडला." शाळेतून गुडघा फोडून आलेल्या पोराबद्दल सांगावं तसं. पक्षाशिवायच्या माणसाला अनुमोदन कोण देणार? ज्याने त्याने आपापल्या पक्षाच्या साहेबांकडे बघायचं.

ते दिवस मंदीचे होते. मंदी हा शब्द टीव्हीवर नंतर आला, आमच्याकडे आधी भोंगे बंद झाले. पूर्वी त्या भोंग्यांवर आमचा स्वयंपाक चालायचा. एकेक भोंगा थांबत गेला आणि शेवटी आमच्या ह्यांचा आणि भाऊजींचाही थांबला. माझ्याकडचे जीन्सचे गठ्ठेही कमी झाले. भाऊजींनी सभेत प्रश्न घेतला, की कारखाने बंद पडतायत, माणसांना काम कुठे मिळणार? वरून उत्तर आलं, हा पालिकेचा विषय नाही, खाली बसा. भाऊजी म्हणाले, "मग कुणाचा विषय आहे तेवढं सांगा. मी तिकडे जाऊन उभा राहतो." कुणी सांगितलं नाही. ते बराच वेळ उभे राहिले म्हणे. मग त्यांची मुदत संपली आणि नवी निवडणूक काही लागेना. वर्षं गेली. सभागृहाला कुलूप, कारभार सगळा पालिकेच्या साहेबांच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हातात. ओरडायला समोर कुणी नाही, खाली बसा म्हणायलाही नाही. भाऊजींची भाषणं थांबली नाहीत, फक्त आता ती आमच्या पायरीवरच सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. ओरडण्यासाठी सोडलेली जागा मात्र ते अजून सोडायचे. रिकाम्या जागेत पिंपाकडे बघताना मला त्यांच्याबद्दल कसंतरी वाटायचं.

अशात आमच्या दवाखान्याची गोष्ट निघाली. चाळीच्या टोकाला पालिकेचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. कारखाना होता तोवर आम्हाला विम्याचा दवाखाना होता, नोकरी गेली तसं विम्याचं कार्डही गेलं. माझ्या सासूबाईंना दमा. छाती भरून आली की त्यांना हाताला धरून तिथे न्यायचं, सिस्टर मशीनवर वाफ द्यायची, आणि त्यांचे निळे पडलेले ओठ पुन्हा माणसासारखे दिसायचे. ती सिस्टर निवृत्त झाली, जागा भरली नाही. मग कुणीतरी बातमी आणली की दवाखाना बंद करून दूरच्या मोठ्या दवाखान्याला जोडणार, कुलूप लावायला साहेब येणार आहेत. रिक्षाने तिथे पोचेपर्यंत सासूबाईंचा श्वास टिकेल का, हे मी कुणाला विचारलं नाही. घरात सगळ्यांना तेच विचारायचं होतं.

साहेब आले त्या सकाळी सासूबाईंना घेऊन मी तिथेच होते. त्यांची छाती आदल्या दिवसापासून वाजत होती. चाळीतली बरीच माणसं जमली होती, पण बाप्ये सगळे मागे, भिंतीला टेकून. त्यातले अर्धे कारखाना बंद झाल्यावर पालिकेच्याच ठेकेदाराकडे सफाईला लागलेले. साहेबांसमोर तोंड उघडलं तर तेही काम जाईल ही भीती. आमचे हेसुद्धा त्यातलेच. मी त्यांना दोष देत नाही. भाऊजी मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे आले. साहेब म्हणाले, "काका, तुम्ही आता नगरसेवक नाही."

"नाही साहेब," भाऊजी म्हणाले. "पण दमा आहे अजून."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. भाऊजी बोलायला लागले. हे भाषण मी ऐकलेलं होतं. कारखान्यांबद्दल बोलले, गेलेल्या कार्डांबद्दल बोलले, आणि ओरडण्याची जागा आली तिथे थांबले. कुणी ओरडलं नाही. साहेब मोबाइल बघत होते. मग भाऊजी म्हणाले, "हा दवाखाना इथेच राहावा आणि सिस्टरची जागा भरावी. सूचक मी." आणि त्यांनी मान खाली घातली. ठराव पडताना बघायची त्यांना सवय होती, हाही पडायची वाट बघत ते तसेच उभे राहिले.

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतलेली होती. मी म्हणाले, "अनुमोदन."

भाऊजींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तशीच मान खाली ठेवून म्हणाले, "कामकाजात ऐकू आलं नाही."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की त्या रागातच माझा आवाज निघाला. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. साहेबांनी मोबाइल खाली घेतला आणि विचारलं, "कोण बोललं?" मी पदर तोंडाशी नेला. सासूबाईंनी धापा टाकत उत्तर दिलं, "माझी सून." मग बायकांत कुजबुज झाली आणि मागून एका आवाजाने ठणकावलं, "माझंपण अनुमोदन." त्या ताई होत्या. भाऊजींनी तेव्हा वळून पाहिलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्या दिवशी कुलूप लागलं नाही. काही महिन्यांनी एक तरुण सिस्टर आली, सकाळपुरती. आमच्यामुळे आली की तिची बदली होणारच होती, कोण जाणे. भाऊजी म्हणतात ठराव मंजूर झाला. बऱ्याच वर्षांनी निवडणूक लागली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले आणि पडले. चाळीनेही त्यांना सगळी मतं दिली नसतील. पक्षांच्या गाड्या फिरल्या, कामाची आश्वासनं दिली गेली, आणि काम कुणाला नको आहे? नवं सभागृह भरलं. भाऊजी आता बंद कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर बसतात, वॉचमनच्या निळ्या शर्टात. आमच्याकडे येतात, पण भाषण आणत नाहीत. ताई सांगत होत्या, "हल्ली वाढलेलं गुपचूप खातात. मला बाई करमत नाही."

परवा असेच पायरीवर बसले होते. मी चहा दिला, तो त्यांनी काही न सुचवता घेतला. आत सासूबाई खोकत होत्या. त्यांची छाती नेहमी दुपारनंतर भरते आणि दवाखाना तेव्हा बंद असतो. मी कात्री खाली ठेवली आणि पिंपाकडे बघत म्हणाले, "दवाखाना संध्याकाळीही उघडा असावा. सूचक मी."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मग निळ्या शर्टाची वरची गुंडी लावून ते पायरीवरून उठून उभे राहिले.