हळदीच्या दिवशी चुकलेले पत्ते

माझ्या हळदीच्या सकाळी मी म्हसावदला आमच्या अंगणात पाटावर बसले होते. दोन्ही गालांवर हळद थापलेली, आणि मांडीवरचा फोन थरथरला. पुण्याहून एका अनोळखी माणसाचा मेसेज होता: "मॅडम, तुमच्या लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली आणि सगळं बंद पडलं. आज शाळेच्या गुणपत्रिका छापायच्या आहेत."

ही लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, मी टाइपस्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली होती. आकडा दिला की ती अक्षरांत लिहून देते. ४७ चं सत्तेचाळीस. लग्नाआधी घर आवरतात तसा मी नुकताच तिचा कोड आवरला होता. एका फाईलने दुसरीला बोलवायचं तर लांबलचक पत्ता लिहावा लागे, म्हणून मी पत्त्यांना छोटी टोपणनावं दिली. ती माझ्या लॅपटॉपला ठाऊक होती, जगात इतर कुणालाच नाही. टाइपस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट करून देणाऱ्या कंपायलरनेही ती जशीच्या तशी पुढे ढकलली.

"मावशी, लॅपटॉप दे ना."

मावशीने हळदीची वाटी खाली ठेवली. "हयद लागी गई तुले. आते नवरी काय काम करस का?"

"पोरास्ना रिझल्ट अडकेल शे."

मावशी बालवाडीत शिकवते. तिने लॅपटॉप आणला, वर हळद लागू नये म्हणून त्याला साडीच्या दुकानाची पारदर्शक पिशवी चढवली. पिशवीवरूनच बटणं दाबत मी एकेक टोपणनाव काढलं आणि पूर्ण पत्ते लिहिले. पण तपासणार कशावर? माझ्या लॅपटॉपवर सगळं आधीही चालतच होतं. माझा कोड कधीच न पाहिलेला संगणक हवा होता, आणि असे संगणक ओळीने मांडलेले होते शहाद्याला, माझ्या नवरदेवाच्या क्लासमध्ये. तोवर आमचं बोलणं साडीचा रंग आणि बँड यापलीकडे गेलेलं नव्हतं.

"हयदना दिन नवरदेवले कोनी फोन करस का?" मावशी म्हणाली, पण फोन माझ्या कानाला तिनेच धरला.

"मीपण पाटावरच बसलोय," तो हळूच म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पॅकेज बनवून पाठव. क्लासचा एक लॅपटॉप घरीच आहे. रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून बघतो."

इतकं गोड मला तोवर कुणी काही बोललं नव्हतं.

मी पाठवलं. पलीकडे त्याची आई काहीतरी रागावली, कुणीतरी खो खो हसलं.

"लॅपटॉप अजून मॉड्यूल, म्हणजे आतली फाईल, सापडत नाही म्हणतोय," तो म्हणाला. "पण टोपणनाव गेलं, आता खरा पत्ता दिसतोय. फक्त शेवटी फाईलचं नाव अर्धंच आहे. पुढे डॉट जेएस लाव."

"अहो, पण फाईल डॉट टीएस आहे."

"आत्ता आहे. लोकांकडे जाईल तेव्हा जेएस झालेली असेल. पुढचं नाव आधीच लावायचं."

मांडवातल्या बायका सकाळपासून मला सासरच्या आडनावाने हाका मारत होत्या, त्यामुळे हे मला लगेच पटलं. मी इतकी हसले की गालांवरच्या हळदीला तडे गेले. सगळीकडे डॉट जेएस लावून पॅकेज पुन्हा पाठवलं.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला.

मी नवी आवृत्ती प्रकाशित केली आणि पुण्याला कळवलं. चहा येईपर्यंत पुण्याचं उत्तर आलं: "चाललं. छपाई सुरू केली."

फोन ठेवायला हवा होता. "एकोणऐंशी टाकू का?" त्याने विचारलं. गरज काहीच नव्हती. मी म्हटलं, टाका. मग त्रेसष्ट झाला, मग अठ्ठ्याण्णव. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून, स्वतःकडे बोट दाखवत म्हणाली, "मन्हं वय टाकाले सांग," आणि माझ्या कोरड्या पडलेल्या गालांवर पुन्हा हळद लावू लागली.