फडक्यावरचा तांबडा डाग

डिंगोऱ्याच्या आमच्या बौद्धवस्तीची विहीर फुलाबाई आणि तिचा नवरा भागुजी यांनी वस्तीला हाताशी धरून खणली. धर्मांतरानंतरची ती वर्षं. गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवायची आणि कोणी वरून पाणी ओततंय का, याची वाट बघत उभं राहायचं, ते फुलाबाईला नको झालं होतं. पुढं भागुजी गेला, विहीर राहिली.

अठ्ठ्याण्णव साली वरच्या अंगाच्या गॅरेजची जमिनीत पुरलेली टाकी गळली आणि पाण्याला डिझेलचा वास मारू लागला. टाकी उपटून काढली, वास काही जाईना. वस्ती ओढ्यापलीकडच्या हापशावर जाऊ लागली. फुलाबाईही जायची, पण आधी विहिरीतून एक कळशी शेंदायची, पांढऱ्या फडक्यातून गाळायची, हुंगायची आणि ओतून द्यायची. पाण्याची पारख आमच्याकडे फडक्यावरच होते.

काही वर्षांनी फडकं तांबडं निघू लागलं. झालं! पाणी सडलं, विहीर बुजवा, असा एकच ओरडा. दगडांची ट्रॉलीसुद्धा आली.

पुण्याच्या कॉलेजातून पाणी तपासायला येणारी अमृता नेमकी त्या दिवशी वस्तीवर होती. "आजी, हा डाग चांगला आहे," ती म्हणाली. "खाली मुरमात हवा नसते. तिथले बारीक जीव हवेऐवजी मुरमातल्या लोखंडाच्या गंजावर श्वास घेतात आणि डिझेल खातात. तो गंज विरघळून पाण्यात उतरतो, वर हवा लागली की पुन्हा तांबडा होतो. म्हणजे ते अजून खातायत. फक्त इतक्यात पिऊ नका."

"किती वरीस खात्याल?"

"सांगता येत नाही."

"मी लई दमले गं पोरी," फुलाबाई म्हणाली आणि ट्रॉलीपुढं जाऊन बसली. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही.

लोक याला जिद्द म्हणतात. कसली जिद्द! विहीर बुजली आणि उद्या हापसा आटला, तर गावच्या विहिरीवर घागर पुन्हा खाली ठेवायची तिला भीती वाटत होती, एवढंच.

हळूहळू वास गेला, डागही फिका झाला. दोन हजार सात साली अमृतानं पाणी प्यायला हरकत नाही असं सांगितलं, तोवर फुलाबाईचे गुडघे कामातून गेले होते. आनंद करायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं. नुसती काठावर बसून असायची.

त्याच उन्हाळ्यात गावच्या विहिरीनं तळ गाठला. एके काळी ज्यांच्या घरच्या बायका वरून पाणी ओतायच्या, ते सयाजीअण्णा एका सकाळी आले. हंडा खाली ठेवून उभे राहिले.

"फुलाबाई, वाईच पाणी वता की."

फुलाबाईनं दोर-पोहरा त्यांच्याकडं सरकवला.

"मला आता वढवत न्हाई, अण्णा. आन् वरनं वतायचं कशाला? तुमच्या हातानं शेंदा."