राजीनाम्याची वाट

नागपूर सोडलं त्या सकाळी सोनेगावच्या विमानतळावर मला पोचवायला अकरा माणसं आली होती. बाबा प्रत्येकाला समजावून सांगत होते, "सिंगापूर हे मधलं स्टेशन आहे. तिथून पुढे लंडन." मला सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधकाची नोकरी लागली होती, लंडनचा कुठे उल्लेखही नव्हता.  आई एकसारखी माझी ओढणी नीट करत होती.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांची पहिली नेमणूक यवतमाळकडच्या एका खेड्यात झाली. घरमालकाने खोली दाखवली, भाडं ठरवलं आणि मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्याच्याकडे अचानक पाहुणे येणार होते. तीन घरांत हेच झालं. बाबा सहा महिने शाळेत, नकाशे ठेवायच्या खोलीत झोपले. हे त्यांनी आम्हा भावंडांना एकदाच सांगितलं, तेही हसत. दुसरं वाक्य मात्र रोजचं होतं, "इंग्लंडमध्ये कोणी आडनाव विचारत नाही." संध्याकाळी ते शॉर्टवेव्हवर लंडनच्या बातम्या लावत. तिकडच्या कुणा मंत्र्याने चूक झाली म्हणून पद सोडल्याचं ऐकलं की आईला स्वयंपाकघरातून बोलावून सांगत. आपलाच मुलगा शाळेत पहिला आल्यासारखा आनंद त्यांना होई.

वर्षभराने प्रयोगशाळेने मला खरंच सहा महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले.

तिथे खोली शोधताना एका बाईंशी फोनवर बोलणं झालं. माझं इंग्रजी बाबांनी घडवलेलं, स्वच्छ. त्या म्हणाल्या, आजच या. मी बॅग घेऊनच गेले. दार उघडल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की खोली आत्ताच गेली. आठवड्याने त्या रस्त्याने गेले, तर खिडकीत 'खोली भाड्याने' ही पाटी तशीच होती. पुढे एका श्रीलंकन नर्सने मला तिच्या घरात जागा दिली, तिकडे चांगली माणसंही पुष्कळ भेटली. पण त्या पहिल्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, "खोली झकास आहे. खिडकीतून झाड दिसतं."

सहा महिन्यांनी तिथेच राहण्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा मी नाही म्हटलं. बाबांना हवेचं कारण दिलं.

"हवा मानवत नाही म्हणून लंडन सोडून कोणी येतं काय वो बाई?" ते म्हणाले.

त्यानंतर फोनवर ते माझी तब्येत विचारत आणि लगेच आईकडे फोन देत. आपल्या मुलीने आळसाने हातचं घालवलं, असं त्यांना वाटत होतं. मला खरं सांगता येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी ज्या देशाकडे डोळे लावले होते, तिथेही मला दारातूनच परत पाठवलं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

सिंगापूर काही स्वर्ग नव्हता. परत आल्यावर भाड्याचा फ्लॅट शोधताना एजंट फोनवरच विचारायचे, "इंडियन आह? कुकिंग हेवी ऑर नॉट?" घरमालकांना फोडणीचा वास नको असायचा. शेवटी बुकित पंजांग ह्या उपनगरात टॅन अंकल भेटले. निवृत्त बसचालक, माझ्या फ्लॅटचे मालक, राहायला शेजारच्याच फ्लॅटमध्ये. मी घाबरत स्वयंपाकाचं विचारलं, तर म्हणाले, "कुक ला. ओपन विंडो कॅन ऑलरेडी." म्हणजे खिडकी उघडली की झालं. मी त्याच संध्याकाळी वांग्याची भाजी केली आणि वाटीभर त्यांना नेऊन दिली.

पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला आई गेली. सार्सची साथ ओसरल्यावर बाबा काही महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आले. तोवर इराकचं युद्ध होऊन गेलं होतं. युद्ध सुरू होताना बाबा फोनवर ठामपणे म्हणाले होते, "ब्रिटनच्या संसदेत उभं राहून पंतप्रधान सांगतो म्हणजे इराककडे शस्त्रं असणारच." आता शस्त्रं सापडत नव्हती. बाबांचा तर्क सरळ होता. चूक झाली, तर हा माणूस राजीनामा देईल. तिथली रीतच तशी आहे.

ते रोज सकाळी खाली कॉफी शॉपमध्ये जाऊन पेपर उघडत. टॅन अंकल समोर येऊन बसत. दोघांचं इंग्रजी दोन वेगळ्या ग्रहांवरचं.

"युवर मिनिस्टर, गो ऑलरेडी ऑर नॉट?"

"नॉट येट, मिस्टर टॅन. ही विल. इट इज अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल."

"वोन्ट गो वन ला. चेअर टू कम्फर्टेबल."

असे कितीतरी आठवडे गेले. बाबा पेपर मागच्या पानापासून उघडू लागले, पहिलं पान शेवटी. नंतर घडी मोडण्याआधी थोडा वेळ तो नुसता हातात धरून बसायचे. आईच्या जाण्याबद्दल ते एका शब्दाने बोलत नसत. ह्या राजीनाम्याबद्दल मात्र दिवसभर बोलत.

माझ्या प्रयोगशाळेत कीथ नावाचा इंग्रज तंत्रज्ञ होता. एका रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पानावर बसल्याबसल्या विचारलं, "आपले पंतप्रधान राजीनामा केव्हा देतील, असं आपल्याला वाटतं?"

कीथ हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "सर, ह्या माणसाला मी मत दिलं होतं. तो निवडून आला त्या दिवशी माझी आई आनंदाने रडली होती. आमच्या गावची कोळशाची खाण बंद झाली, त्यानंतर आम्हाला काहीतरी चांगलं होईल असं पहिल्यांदाच वाटलं होतं. आता आई टीव्हीवर तो दिसला की आवाज बंद करते."

"पण तुमच्याकडे माणसाला आडनावावरून तर कोणी जोखत नाही," बाबा म्हणाले.

"गरजच पडत नाही. मी दोन वाक्यं बोललो की उच्चारांवरूनच बाप काय करायचा ते समजतं. कॉलेजात एक प्राध्यापक मला तोच तोच शब्द पुन्हा म्हणायला लावायचे. वर्ग हसायचा."

बाबांच्या हातातली पुरी हातातच राहिली. "मग तुम्ही काय केलंत?"

"बोलणं बदललं. आईशी बोलताना तेवढं जुनं परत येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर कॉफी शॉपमध्ये गेले. पेपर त्यांनी उघडलाच नाही.

"तुझी लंडनची खोली कशी होती?"

"सांगितलं होतं ना, बाबा."

"ते सांगितलं होतं. होती कशी?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी हेडमास्तरासारखे प्रश्न विचारले. पाऊस होता का? बॅग जड होती का? परत कशी गेलीस? मग त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मी तुझ्या आजोबांना दर आठवड्याला पत्र लिहीत होतो," ते म्हणाले. "खोली हवेशीर आहे, मालक भला माणूस आहे."

"कोणती खोली?"

"नकाशांची. मालक म्हणजे भिंतीवरचा आफ्रिका खंड."

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या टेबलावरच्या बाया वळून पाहू लागल्या. हसता हसता बाबांचे डोळे भरून आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग त्यांनी आईविषयी बोलायला सुरुवात केली, आणि मी त्या दिवशी कामाला गेले नाही.

लंडनच्या बातम्या ते नंतरही ऐकत, पण परीक्षेचे पेपर तपासल्यासारख्या. "उत्तर टाळलं. शून्य मार्क." नागपूरला परतल्यावर त्यांचे फोन लांबले. गुडघा दुखतो, वरण करपलं, एकटं वाटतं, सगळं सांगू लागले. तीन वर्षांनी ते गेले.

ते पंतप्रधान त्यानंतर काही महिन्यांनी स्वतःच्या सवडीने पायउतार झाले. टॅन अंकल लिफ्टमध्ये भेटले आणि हळूच म्हणाले, "युवर फादर्स मिनिस्टर, गो ऑलरेडी." माझा मजला आला तरी मला बाहेर पडता येईना. अंकल दाराचं बटण दाबून उभे राहिले, माझं रडणं आटपेपर्यंत.

आता मी इथली कायमची रहिवासी आहे. घर कुठलं असं कोणी विचारलं, की पूर्वी नागपूर म्हणायचे, हल्ली बुकित पंजांग म्हणते, आणि दोन्ही वेळा थोडं अपुरं वाटतं. गेल्या महिन्यात दादाची मुलगी प्रज्ञा शिकायला इंग्लंडला गेली. पोचल्यावर तिने पहिला फोन मला केला.

"आत्या, खोली ओलसर आहे, बाई खडूस आहे, आणि शेजारचा मुलगा माझ्या जेवणाला नाक मुरडतो."

"अजून?" मी विचारलं.

ती सांगत राहिली. मी खुर्ची ओढून खिडकीशी बसले. किती दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.