त्रुटीपूर्ततेसाठी परत

बाळांनो, "अर्जात त्रुटी हाये" हे वाक्य तुम्ही आयुष्यात कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे तुमचं शिक्षण अपुरं राहिलं असं माझं मत आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, डिसेंबरात आलो की सोनाळ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या धरणावरच्या वनचौकीत जाता येईल का. येईल. अर्ज करावा लागेल. असा अर्ज करायला ज्यांनी मला शिकवलं ते आमचे मोठे बाबू या उन्हाळ्यात गेले. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते.

मोठे बाबू म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क. नांदुऱ्याला ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. वनखात्यात नोकरीभर त्यांनी लोकांचे अर्ज तपासले आणि निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून गल्लीतल्या लग्नपत्रिका तपासू लागले. एका पत्रिकेत मामांचं नाव काकांच्या आधी आलं, तर "त्रुटीपूर्ततेसाठी परत" असा शेरा मारून त्यांनी ती वधूपित्याकडे परत पाठवली. लग्न झालं, पण पत्रिका दुसऱ्यांदा छापून.

त्या चौकीचं वर्णन मात्र त्यांनीच करावं. ओट्यावर बसून सांगायचे, "खिडकीतून पाहा तं खाली पानीच पानी. अन् संध्याकाळी पल्याडच्या काठावर अस्वल उतरते, मॅडम." तीन वर्षं ऐकलं. अस्वलाने काठ कधी बदलला नाही.

शेवटी मीच म्हटलं, एकदा जाऊ या.

"जाऊन राह्यलो ना मंग," बाबू म्हणाले.

शाळेत शिकवताना मी या 'जातो आहोत'ला चालू वर्तमानकाळ म्हणत असे. बाबूंनी तो दोन वर्षं चालू ठेवला.

अर्ज मी लिहिला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. परत आला, दिनांक अक्षरी नव्हता. दुसरा परत आला. 'निसर्ग पाहण्यासाठी' हे कारण मोघम होतं. तिसऱ्यात माझी सही रेघेखाली घसरली होती. खातं सोडून वर्षं लोटलेला माणूस, कोणी विचारलेलं नसताना, माझा अर्ज माझ्याच ओट्यावर नामंजूर करत होता.

"काऊन घाई करता? घाई तुमाले हाये, कागदाले नाही."

त्यांची बायको दारातून म्हणाली, "ह्यायचं काही खरं नाही, मॅडम. जाऊन राह्यलो जाऊन राह्यलो म्हनते, पिशवी काही खुंटीवरून उतरत नाही. अन् डॉक्टर म्हनते, गुडघ्यानं आता औंदाच चढून घ्या."

चौथ्या वेळी मी छापील नमुना आणवला आणि आमची सगळ्यांची नावं स्वतः भरायला बसले. त्यात एक रकाना होता: यापूर्वी चौकीस भेट दिली आहे काय? बाबूंच्या नावापुढे मी 'होय' लिहू लागले, तर त्यांनी माझं पेनच धरलं.

"तेवढं राहू द्या, मॅडम."

"त्रुटी राहील, बाबू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी कधी गेलोच नाही वर. जीप निघे तं साहेब, साहेबाच्या बाई, साळे, साळ्याचे लेकरं. मले म्हनत, बाबू, तुमी आले तं टेबल कोन पाहीन? ते येऊन सांगत, मी रिपोर्ट लिहत जाय." मग आवाज खाली आणून, "इतक्या गोष्टी सांगून बसलो गल्लीले. चौकीवरच्या मानसानं म्हटलं, याले तं कधी पाह्यलं नाही, मंग?"

दोन वर्षांच्या सगळ्या त्रुटींचं कारण त्या एका रकान्यात होतं. जावं तर बिंग फुटणार, न जावं तर पुढच्या साली गुडघे नेणार नाहीत. मी रकान्यात 'नाही' लिहिलं. गल्लीतल्या कोणालाही न सांगता आम्ही तिघं, ते, त्यांची बायको आणि मी, भाड्याच्या गाडीने सकाळीच निघालो.

गाडी धरणाशी थांबते. तिथून वर पाऊलवाट, आणि शेवटी कातळात कोरलेल्या पायऱ्या. चौकीवरची वनरक्षक एक तरुण बाई होती. तिने अर्ज घेतला, वाचला, कोणाला काही विचारलं नाही. बाबू मागून एकेक पायरी चढून आले आणि पाण्याकडे पाठ करून पायऱ्यांकडेच पाहत राहिले.

"मॅडम, ह्या नऊ हायेत."

"बरं मग?"

"रिपोर्टात अकरा हायेत. दरसाल मी अकरा लिहिल्या. साहेब सांगत, अकरा, सुस्थितीत." ते वनरक्षक बाईंकडे वळले. "दोन पडल्या काय हो?"

"कातळ हाये, काका. पडन कसा?"

बाबू तिथेच बसले. त्यांच्या बायकोला आधी उमगलं. "म्हनजे तुमचे साहेब बी..."

"खालीच जेवत असतीन," बाबू म्हणाले. "जीप खालीच थांबते." मग हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अन् मी समजो, मीच एकटा नाही आलो."

मग ते आत गेले आणि खिडकीपाशी उभे राहिले. खाली खरंच पाणीच पाणी होतं. आम्ही दोघींनी डबा सोडला, चटणी-भाकरी वाढली, हाका मारल्या. ते आले नाहीत. निघताना बाईंनी भेटवही पुढे केली. शेऱ्याच्या जागी बाबूंनी लिहिलं, "पायऱ्या नऊ. प्रत्यक्ष मोजल्या." आणि खाली पूर्ण सही.

आता तुमचा अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर होईल. त्याला माझा इलाज नाही. मागच्या महिन्यात मी त्या बाईंना फोन केला होता. भेटवही भरली, नवी सुरू झाली. जुनी चौकीच्या कपाटात आहे, आणि ते पान तिच्यात आहे.