डकवली म्हणजे बजावली

बिबट्याला न भिणारा, पोलिसाला न भिणारा, पण साध्या ई-मेलला चळाचळा कापणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमचा घरमालक!

हे घरमालक काका कोर्टात बेलिफ होते. सगळी नोकरी लोकांच्या दारी नोटिसा पोचवण्यात गेली. "मला बघून हसलेलं घर न्हाई पाहिलं सर मी. कागद येतो तो वंगाळच," असं ते म्हणायचे. त्यामुळे लेकीने मोबाईलवर ई-मेल चालू करून दिल्यावर त्यांनी माझ्याकडून पहिली विद्या शिकून घेतली ती पाठवणाऱ्याला अडवायची. मग काय, सुटलेच! लॉटरीवाले अडवले, कर्जवाले अडवले, इथवर ठीक. पण वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा विमा एजंटही अडवला. "ह्याला माझी तारीख कुठनं ठावी?" शेवटी अडवून अडवून दमले आणि उलटाच कारभार केला. परवानगी फक्त दोघांना, लेकीला आणि मला. बाकी सगळं परस्पर कचऱ्यात. मी वरच्या मजल्यावरून 'टाकी भरली, मोटार बंद करा' एवढंच पाठवायचो, तरी ते उघडण्याआधी काका देवाला हात जोडायचे.

अशात काकूंच्या मानेला गाठ आली. तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट मेलवर येणार होता, तो आठवडा उलटला तरी येईना.

"काका, लॅबला परवानगी दिलीत ना?"

"न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "मुद्दाम अडवली हाय. आलाच न्हाई तर वाचायचा कशाला? पाया पडतो सर, राहू द्या."

नोटीस नको म्हणून दार लावून बसणारे लोक काकांनी ढिगाने पाहिले होते. अशांच्या दारावर ते कागद चिकटवून यायचे. "डकवली म्हंजे बजावली!" हे त्यांचं लाडकं वाक्य काकूंनी संसारभर ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून परतले, तर दारावर भाताच्या शितांनी कागद डकवलेला. काकू स्वतः लॅबमधून घेऊन आल्या होत्या. मेथीची जुडी छातीशी धरून काकांनी मला हाक मारली.

"सर, तुमी वाचा. मला दिसंना."

चष्मा डोळ्यांवरच होता. मी भीत भीत वाचलं. "साधी गाठ आहे काका. घाबरण्यासारखं काही नाही."

"झाली का हो बजावणी?" आतून काकूंचा आवाज आला. काका पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले.

आता परवानगी तिघांना आहे. लॅबवाले सारखे सवलतीच्या जाहिराती पाठवतात, रक्त तपासा, साखर तपासा. काका एकेक जाहिरात शेवटपर्यंत वाचतात, अजूनही आधी देवाला हात जोडूनच. परवा मी म्हटलं, "अडवा की आता त्यांना!"

"न्हाई ओ सर," काका म्हणाले. "उभ्या जन्मात दारी चांगला कागद आला, तो तेवढाच."