सात नंबरवरून आलेलं ‘इलंय’

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही... नव्हता म्हणा. कट्टा गावच्या शाळेत मी एकवीस वर्षं संगणक शिकवतेय. स्टाफरूममध्ये कोणी देवचाराची, भुताची गोष्ट काढली की सगळे माझ्याकडे बघून हसतात, आता बाई पुरावा मागणार म्हणून! तुमचे इथले अनुभवही मी नेमाने वाचते आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात कारण लिहिते — वायरिंग सैल असेल, मांजर असेल, उपाशीपोटी झोपला असेल. आज माझी पाळी आहे. खुशाल लिहा कारणं. एखादं पटलं तर तुमच्या पाया पडेन, खरंच.

मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आमचं घर. वाडीचं नाव देत नाही, तिथली माणसं हे वाचतात. पुढे खळं, म्हणजे अंगण, मग पडवी, माजघर, आत दोन खोल्या, मागे विहीर. घरात आम्ही तिघं — आई, मी आणि माझा धाकटा भाऊ बाबू. (मी लग्न का केलं नाही ते कृपया विचारू नका.) बाबू होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वडलांमागे होडी त्याच्याकडे आली. “आणि जीभ ताईकडे गेली,” असं तो येईल त्याला सांगायचा.

गेल्या वर्षी घरातल्या जुन्या डेस्कटॉपचा मी वेब सर्व्हर केला. सोप्या भाषेत सांगायचं तर वेबसाइट कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर न ठेवता आपल्याच पडवीतल्या मशीनवर ठेवायची. लिनक्स टाकलं, बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरमध्ये वाट उघडली, विजेचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टरला जोडलं. आठवडाभर डोकं फुटायची वेळ आली होती. पान पहिल्यांदा बाबूच्या फोनवर उघडलं तेव्हा या वयात मी खळ्यात उडी मारली.

हे सगळं कशासाठी? वाडीच्या होड्या अकरा. जरा वारा सुटला की घराघरातली बाई शेजारी धावते — “तुमचो इलो?” म्हणून मी एक फळा केला. अकरा होड्यांची नावं, प्रत्येकीसमोर लाल नाहीतर हिरवा ठिपका. तांडेलानं निघताना फोनवर ‘बाहेर’ दाबायचं, परत येताना खाडीच्या तोंडाशी रेंज आली की ‘इलंय’ दाबायचं. ‘इलंय’ म्हणजे आमच्या मालवणीत ‘मी आलो’. दाबलं की ठिपका हिरवा, आणि घरोघरच्या बायकांचा जीव खाली. कोणी कधी आणि कुठल्या पत्त्यावरून दाबलं याची नोंद मशीन ठेवतं, त्याला लॉग म्हणतात. घरच्या वायफायवरून दाबलं तर त्यात त्या फोनचा घरचा नंबर दिसतो. ते नंबर मी कायमचे बांधून ठेवले होते. माझा फोन पाच, बाबूचा सात. एवढं लक्षात ठेवा.

सगळी वाडी खूश. नाराज एकटी आई.

कारण आमच्याकडे एक रीत आहे. समुद्रावरून येणारा आपल्या तोंडानं ‘आलो’ म्हणत नाही. किनाऱ्यावर किंवा दारात जो उभा असेल त्यानं त्याला डोळ्यांनी बघायचं, आणि मग म्हणायचं — “इलो,” म्हणजे ‘आला’. मगच त्यानं उंबरा ओलांडायचा. बाबूसुद्धा रोज खळ्यात पाय धूत थांबायचा. आई बाहेर येऊन “इलो माझो झील”, आला माझा मुलगा, म्हणाली की मग आत. भूक लागली असली तर तिथूनच बोंबलायचा, “आये, म्हण गो लवकर!”

“येणाऱ्यान आपणच म्हणूचा नसता,” आई मला म्हणाली. “समुद्रार कोण कोणाच्या नावान बोलता, तुका काय म्हायत? बघणाऱ्यान म्हणूचा.”

“आई, त्याका पासवर्ड आसा!” मी फणकारले.

बाबू हसत सुटला. “आये, ताईच्या कॉम्प्युटराक डोळे नाय, पण तोंड तिच्यासारख्याच मोठा आसा!”

मीही हसले तेव्हा.

ऑक्टोबरातला शनिवार. शाळा सकाळची, मी दुपारी घरी. तीनच्या सुमारास वारा एकदम फिरला, माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या, समुद्र काळा पडला. एकेक करत दहा ठिपके हिरवे झाले. बाबूचा लालच. त्याच्याबरोबर दोन खलाशी होते, सुरेश आणि सुरेशचा मेव्हणा. शेजारच्या भिकाजीकाकांची मोठी यांत्रिक बोट आहे. त्यांचा फोन आला, “मी बघूक जातंय. तू फळ्यार लक्ष ठेव.” मी मशीनसमोर बसून राहिले. आई माजघरात देवाशी बसली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला.

मी लॉग उघडला. बाबूच्या होडीचं पान, ‘इलंय’, पत्ता... सात. घरचं वायफाय! म्हणजे नुसता खाडीत नाही, तो थेट घरापाशी पोचला होता. अगो बाई, काय आनंद झाला म्हणून सांगू! हातातला फोन पडला, तो उचलून काकांना लावला. त्यांची बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडतच होती.

“काका, बाबू इलो! मागे फिरा!”

वाऱ्याच्या आवाजातून काकांनी एकच विचारलं, “तू बघलंस?”

“होय, बघलंय.”

मी ठिपका बघितला होता. माणूस बघितला नव्हता. पण मशीन खोटं बोलत नाही हे मी एकवीस वर्षं पोरांना शिकवत आलेय, तर माझ्या दृष्टीनं ते एकच होतं.

मग मी खळ्यात धावले. खळ्यात कोणी नाही. विहिरीवर नाही, मागच्या दारी नाही. आई पडवीत येऊन उभी राहिली. “खंय आसा?” म्हटलं, होडी ओढायला परत किनाऱ्यावर गेला असेल. मी किनाऱ्यावर गेले. दहा होड्या होत्या. एक-एक करून दोनदा मोजल्या, मग काकांच्या घराकडे पळत सुटले.

काका पुन्हा निघाले तोवर पाऊण तास वाया गेला होता. तासाभरात अंधार पडला आणि त्यांना हात हलवत परत यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेश आणि त्याचा मेव्हणा एका रिकाम्या कॅनला धरून तरंगताना सापडले, जिवंत. बाबू तिसऱ्या दिवशी सापडला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

काकांनी माझ्या फोनचं कोणाला सांगितलं नाही. इंजिन गरम झालं म्हणून फिरलो, असं सगळ्यांना सांगितलं. बाबूला नेलं त्या दिवशी ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी मी मनाची समजूत घालत होते. चार दहाला बाबू गेलाच असेल, जाता जाता त्याचा जीव घराकडे ओढला असेल... बघा, पुरावा मागणारी बाई काय विचार करायला लागली! पण त्या विचारात मला आधार होता. तो आधीच गेला असेल, तर काकांना मागे फिरवण्यानं काही बिघडलं नव्हतं.

मग सुरेश हिंडूफिरू लागला आणि आम्हाला भेटायला आला. आई आत होती. पडवीत बसून तो मला हळू आवाजात सांगू लागला.

“होडी उलाटली, ताय. आम्ही तिघांनी एकच कॅन धरलो. काकांची बोट दिसली आमका! बाबू म्हणालो, काका इलो, आता सुटलाव. आम्ही हात केलो. आणि मगे... बोट फिरली. बाबून ती फिरताना बघल्यान. त्याच्यानंतर तो काय एक बोलाक नाय. अर्ध्या तासान त्याचो हात सुटलो.”

“आणि फोन? बाबूचा फोन?”

“तो डब्यात होतो, सकाळपासून. होडयेतच.”

उलटलेली होडी नंतर किनाऱ्याला लागली, तेव्हा फोन खरंच त्या डब्यातच मिळाला होता, पाणी जाऊन मेलेला. आज तो माझ्या कपाटात आहे.

आता तुम्हीच मांडा हिशेब. बोट फिरली ती माझ्या फोनमुळे, म्हणजे चार दहानंतर. तेव्हा बाबू पाण्यात होता, जिवंत होता, बोटीकडे बघत होता. मग त्याआधी आमच्या घराच्या वायफायमध्ये शिरून, बाबूचा नंबर लावून, बाबूच्या नावानं ‘इलंय’ कोणी दाबलं? आणि नेमकं काका खाडीबाहेर पडत असतानाच का?

सुरेश गेल्यावर मी मशीनसमोर बसले. बाबू गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता, ते आपलं चालूच होतं. मी लॉग वर सरकवत गेले. रोज. एक दिवस चुकलेला नाही. चार दहा, सात नंबर, इलंय. चार दहा, सात नंबर, इलंय.

मी वायफायचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी चार दहाला नोंद होतीच. मग बाबूच्या होडीचं पानच पुसून टाकलं. त्या दिवशी मशीननं ‘पान सापडत नाही’ असं उत्तर दिलं, आणि त्याच मिनिटात ‘इलंय’ची तीच मागणी पाच वेळा आली. पाठीमागे आई उभी होती. तिला वाचता येतं.

“ह्या बाबूचा?”

माझ्यासारखी बोलभांड बाई गप्प राहिली, त्यातच तिला काय ते कळलं. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. “माझो झील इतके दिस खळ्यात उभो आसा. आणि ‘इलो’ म्हणाक कोण नाय!”

ती उठून दाराकडे निघाली, मी तिला धरलं. जवळजवळ ओढूनच आत आणलं. “म्हणू नकोस! तुका माझी शपथ!”

“कित्याक?”

कशाला म्हणून सांगणार? तो बाबू नाही, हे सांगायचं तर त्या वेळी बाबू जिवंत होता हे सांगावं लागणार. मग बोट का फिरली हे सांगावं लागणार. काकांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही. मी नुसतं म्हटलं, “मशीन बिघडलाहा.” मग प्लग खेचून काढला, राउटर बंद केला, दोन्ही वस्तू गोणत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. वाडीनं फळा मागितला तर सांगितलं, मशीन जळलं.

त्यानंतर आई रोज ती वेळ झाली की पडवीत जाऊन बसू लागली. समोर घड्याळ नाही, काही नाही. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याशेजारी बसायचे, तिचा हात धरून. खळ्यात काही दिसायचं नाही. पण ती टक लावून बघायची आणि हळूच विचारायची, “म्हणू मा?” आणि मी म्हणायचे, “नको.”

पण इतर दिवशी चार दहाला मी कट्ट्याला वर्गात असते. साडेपाचच्या आत घरी पोचत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. राउटर, वायरस, शेजारच्यानं चोरलेला पासवर्ड, घड्याळातली चूक — सगळं तपासून झालंय, तेवढं सोडून लिहा. आईला जे सांगायला हवं होतं ते आज पहिल्यांदा इथे लिहिलं. तिला काल सांगायचं ठरवूनच बसमधून उतरले होते.

घरी आले तर खळ्यात पाणी सांडलेलं होतं, पाय धुतल्यासारखं. आई चुलीपाशी. किती महिन्यांनी तिनं सोलकढी केली होती, तोंडावर हसू होतं. पाटांसमोर तीन ताटं. बाबूच्या खोलीचं दार आतून लोटलेलं.

“आई,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा.

तिनं तोंडावर बोट ठेवलं. “हळू बोल गो. दमलेलो इलो आसा... निजलो.”

दाराकडे बघवेना, तिच्याकडेच बघत विचारलं, “तू बघलंस त्याका?”

“होय,” आई म्हणाली. “बघलंय.”